पुरुषांना रोज किती कॅल्शियम लागतं? चाळिशीनंतर गोळ्या सुरू कराव्यात का?

प्रौढ पुरुषाला रोज साधारण १००० मिलिग्रॅम, सत्तरीनंतर १२००. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'दूध-दह्याने मुतखडा होतो म्हणे, म्हणून गोळीच बरी का?' ते वाचून राहवेना.

मला मुतखडा झाला होता. कळ काय असते ते ज्याला झालाय त्याला सांगायला नको. डॉक्टरांनी लघवी गाळून बघायला सांगितलं होतं. एका पहाटे गाळणीत सापडला: तिळाएवढा, तपकिरी, गोखरूसारखा काटेरी. तपासणीत निघाला कॅल्शियम ऑक्सलेटचा, म्हणजे कॅल्शियम आणि पालकासारख्या अन्नातून येणारं ऑक्सलेट यांचा. झालं! थोरल्या भावाने रिपोर्टवर बोट ठेवलं आणि घरात फर्मान सुटलं, याचं दूध-दही बंद. मी जुमानलं नाही. तेव्हापासून मी दुधाचा पेला उचलला की दादा वहिनीकडे बघून मान हलवतो.

अहो, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं आणि दोघं शौचावाटे बाहेर पडतात. कॅल्शियम तोडलं की ऑक्सलेट मोकळं सुटतं, रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. १९९३ साली अमेरिकेतल्या ४५ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास छापून आला. ज्यांच्या आहारात कॅल्शियम जास्त, त्यांना खडे कमी! २००२ मध्ये इटलीतला प्रयोग आला, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर, पाच वर्षांचा. एका गटाचं कॅल्शियम तोडलं. दुसऱ्याचं नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलं. दुसऱ्या गटात खडे परत होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं. मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणून तोडायचं तर ते तोडा. आणि दादा स्वतः पहिला घास घ्यायच्या आधीच वरून मीठ भुरभुरवतो.

गोळीचं म्हणाल तर आहारातून भागत असेल तर कशाला? घ्यावीच लागली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, त्यापुढे नीट शोषलं जात नाही. शिवाय जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीला धरायला ऑक्सलेटच नसतं, कॅल्शियम मात्र लघवीत वाढतं.

हां, म्हणून दुधाचे तांबेच्या तांबे रिचवू नका. खूप जास्त कॅल्शियम घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर जास्त दिसल्याचे काही अभ्यास आहेत, वाद मिटलेला नाही. आणि हे सगळं ऑक्सलेटच्या खड्याचं झालं. पॅराथायरॉइड, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा त्रास असेल तर गणित वेगळं, तिथे डॉक्टरांना विचारा. माझ्या भावाला नको.