विमान पाच तास उशिरा, मग पैसे किती?

पावसाळा आला की माझ्या पत्रपेटीतून सोसायटीची भांडणं मागे पडतात आणि विमानं पुढे येतात. दिल्लीत धुकं पडलं की पुन्हा तेच. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे तक्रारींना आता दोन पत्ते मिळालेत. यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना.

मुंबईहून नागपूरला लग्नाला निघालो होतो, आम्ही चौघं. विमान साडेपाच तास उशिरा सुटलं, हळद चुकली. मेहुणे म्हणतात, युरोपात अशा वेळी माणशी २५० युरो देतात. आपण माणशी किती मागायचे? (वर्तकनगर, ठाणे)

उशिरासाठी ठरलेली रक्कम आपल्याकडे शून्य आहे. मेहुण्यांची माहिती बरोबर आहे, फक्त ती नागपूरच्या विमानाला लागू नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत तीन वेगळी खाती आहेत: विमानाला उशीर झाला, विमान रद्द झालं, किंवा तिकीट असून तुम्हाला चढू दिलं नाही. रोख भरपाई शेवटच्या दोन खात्यांत आहे. उशिराच्या खात्यात खाणंपिणं, हॉटेल आणि तिकिटाचे पैसे परत, एवढंच. काउंटरवर भांडणारी निम्मी माणसं चुकीच्या खात्यातलं मागत असतात, आणि समोरचा कर्मचारी ते ओळखून असतो.

तुमच्या खात्यात काय होतं ते पाहा. प्रवासाचा ठरलेला वेळ अडीच तासांपर्यंत असेल, तर २ तासांच्या उशिरानंतर खाणंपिणं द्यावंच लागतं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला ही मर्यादा ३ तास, त्याहून लांबच्या प्रवासाला ४ तास. अट एकच, तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असावं. नागपूर दीड तासावर, म्हणजे तुमचा हक्क २ तासांनी सुरू झाला. पण घोषणा कशा होतात? आधी ४० मिनिटं, मग आणखी ५०, मग ‘थोड्याच वेळात’. प्रत्येक वेळी माणूस नव्याने मोजायला लागतो. मोजायचं ते तिकिटावरच्या मूळ वेळेपासून.

मी स्वतः एकदा अशा साडेतीन तासांच्या उशिरात गेटवर जाऊन विचारलं, तेव्हा ड्रॉवरमधून कुपनांचा गठ्ठा निघाला. गठ्ठा आधीपासून तिथेच होता, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. मिळालं ते गारढोण सँडविच आणि गोडमिट्ट चहा, पण रांगेत मागे असलेल्या आजींना औषध घ्यायला आधार झाला.

तुमचा उशीर सहा तासांच्या अलीकडे राहिला, हे दुर्दैव. देशांतर्गत विमानाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडायचा पर्याय कंपनीला द्यावा लागतो. हळदीची भरपाई मात्र कुठल्याच नियमात नाही.

नवी मुंबई विमानतळावरून रात्री ९.४०चं दिल्लीचं विमान होतं. ८ वाजता सांगितलं, पहाटे ५ला सुटेल. हॉटेल मागितलं तर म्हणाले, ‘तुम्ही खारघरचेच ना, घरी जाऊन या.’ हे बरोबर आहे का? (खारघर)

नियम असा: सुटण्याची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ या पट्ट्यात असेल आणि उशीर ६ तासांहून जास्त असेल, तर हॉटेल आणि तिथपर्यंत ने-आण कंपनीच्या खर्चाने. दिवसाच्या विमानाला हीच सोय २४ तासांहून जास्त उशीर झाला तर. तुमचा उशीर सात तास वीस मिनिटांचा, म्हणजे तुम्ही पट्ट्यात बसता.

मात्र नियमात ‘आवश्यक असेल तेव्हा’ अशी एक शेपटी आहे, आणि कंपनी तिलाच धरून बसते. घर पंधरा-वीस मिनिटांवर असताना हॉटेल ‘आवश्यक’ होतं का, यावर वाद घालता येईल. मी तुमच्या जागी असतो तर हॉटेलसाठी ताणलं नसतं. जाण्या-येण्याच्या टॅक्सीचे पैसे मागितले असते, रात्रीचं जेवण सोडलं नसतं, आणि पहाटेचं विमान नकोच असेल तर पूर्ण पैसे परत मागितले असते. तेच विमान सोलापूरहून आलेल्या माणसाला हॉटेल नाकारू लागलं, तर मात्र त्याने जागचं हलू नये.

बंगळुरूचं विमान सुटायच्या २० तास आधी एसएमएस आला, ‘ऑपरेशनल कारणामुळे रद्द’. फोन केल्यावर म्हणाले, खराब हवामान. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपन्यांची विमानं गेली. पैसे परत मिळाले, पण भरपाई नाही म्हणतात. (मानपाडा, ठाणे)

हे पत्र वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण इथे खरोखर रोख रक्कम आहे.

रद्द होण्याच्या खात्यात २४ तासांची रेषा महत्त्वाची. दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा पैसे परत. दोन आठवडे ते २४ तास या दरम्यान कळवलं, तरी तुम्हाला पटेल ते दुसरं विमान किंवा पैसे परत, भरपाई नाही. त्यानंतर कळवलं, तर पैसे परत मिळूनही वर भरपाई द्यावी लागते. प्रवासाचा ठरलेला वेळ एका तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांवर १०,०००. आता त्यातली मेख: ही रक्कम, किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. समजा, मूळ भाडं ३,२०० आणि इंधन अधिभार ४००. बंगळुरूला दोन तासांच्या आतला प्रवास धरला तरी ७,५०० नव्हे, ३,६०० मिळणार. स्वस्त तिकीट काढलेल्याचं रद्द झालं की भरपाईही स्वस्त, हे मला आजवर पटलेलं नाही, पण नियम तसा आहे.

कंपनीला सुटका मिळते ती तिच्या हाताबाहेरच्या कारणांत: हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाने रोखलं, दंगल, पूर, संप, सुरक्षेचा धोका, सरकारी आदेश. म्हणून फोनवर पहिला शब्द ‘हवामान’ हाच येतो. तुमच्या एसएमएसमध्ये तो नाही, आणि हा फरक तुमचा मोठा पुरावा आहे. तो मेसेज पुसू नका. त्याच संध्याकाळी त्याच मार्गावर कोणती विमानं गेली, हे विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळांवर दिसतं. त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, जुनी नोंद फुकटात फार दिवस दिसत नाही. वैमानिक कमी पडले किंवा कंपनीचंच वेळापत्रक कोलमडलं, तर ते पावसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणखी एक. तिकीट एजंटाने काढताना त्याचाच मोबाइल नंबर टाकला असेल, तर ‘प्रवाशाने नीट संपर्क दिला नाही’ म्हणून भरपाई नाकारता येते. तिकीट हातात आलं की आधी नंबर कुणाचा आहे ते बघा. परताव्याच्या जागी ‘क्रेडिट’ देऊ केलं तर घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने परस्पर नाही. एसएमएसमधल्या लिंकवर घाईने ‘मान्य’ दाबणारे इथेच फसतात.

तिकीट कन्फर्म, वेळेत पोचलो, तरी ‘विमान भरलंय’ म्हणून दोघांना उतरवलं. सहा तासांनी दुसऱ्या विमानाने पाठवलं आणि एका कागदावर सही घेतली. (पाचपाखाडी, ठाणे)

त्या कागदावर काय लिहिलं होतं, यावर सगळं अवलंबून. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली असतील तर कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधायचे, आणि त्यांना काय द्यायचं ते त्यांच्याशी ठरवायचं. तुमची सही त्या ‘स्वेच्छे’च्या कागदावर असेल, तर तुम्ही जे कबूल केलं तेच मिळेल.

तसं नसेल आणि तासाभरात दुसरं विमान दिलं, तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं, तर मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या दुप्पट, पण कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला, किंवा दुसरं विमान नको म्हणून पैसे परत घेतले, तर चौपट, कमाल २०,०००. हे दर माणशी. तुमचं दुपटीचं खातं आहे. कागदाची प्रत दिली नसेल तर ईमेलने मागा.

आई-बाबा लंडनहून मुंबईला भारतीय कंपनीच्या विमानाने आले. पाच तास उशीर, कारण तांत्रिक बिघाड. इथे काही मिळत नाही, मग सोडून द्यायचं का? (नेरूळ)

अजिबात सोडू नका. भारतीय कंपनी म्हणून भारतीय नियम, असा बहुतेकांचा समज असतो. ब्रिटनमधून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तिथला कायदा लागतो. लंडन-मुंबई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर; ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात पोचायला ४ तासांहून जास्त उशीर झाला तर माणशी ५२० पौंड, तीन ते चार तासांना त्याच्या निम्मे. दोघांचे मिळून १,०४० पौंड होतात. उशीर मोजतात तो मुंबईत विमानाचं दार उघडलं त्या वेळेपर्यंत, चाकं टेकली तेव्हापर्यंत नाही. आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड हे कंपनीचंच काम समजलं जातं. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच हे स्पष्ट केलं होतं.

युरोपीय संघातून निघालात तर तोच साचा, पण युरोत: अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६००. वर्तकनगरच्या मेहुण्यांचे २५० युरो ते हेच. जाताना मात्र चित्र बदलतं. मुंबई-फ्रँकफर्ट जर्मन कंपनीने गेलात तर हा कायदा लागतो, भारतीय कंपनीने गेलात तर नाही.

दावा कंपनीच्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतः करा. ‘आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्या संस्था भरपाईतला चांगला मोठा वाटा ठेवून घेतात. इंग्लंडमध्ये दाव्याला ६ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे बोर्डिंग पास सापडेपर्यंत धीर धरायला हरकत नाही.

तिकिटावर ‘मुंबई’ वाचून सांताक्रूझला गेलो. विमान नवी मुंबईहून होतं. चुकलंच. कंपनी म्हणते, सगळे पैसे बुडाले. (ऐरोली)

चूक तुमची, त्यामुळे भाडं मागता येणार नाही. पण सगळे पैसे बुडत नाहीत. प्रवास झालाच नाही तर सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत द्यावंच लागतं, तिकीट कितीही सवलतीचं असलं तरी. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. पुढच्या वेळी शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा: बीओएम म्हणजे जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

कंपनी उत्तरच देत नाही. तिकिटाच्या अटींत लिहिलंय की खटला फक्त त्यांच्या शहरातल्या न्यायालयात. चार हजारांसाठी तिकडे जायचं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

तिकडे जायची गरज नाही. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाला, ईमेल करा, मग एअरसेवा या सरकारी ॲपवर तक्रार. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पुष्कळ प्रकरणं या टप्प्यांवरच निकाली निघतात, कारण एअरसेवावरची तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते.

तरी दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. दिल्लीच्या धुक्यात हैदराबादचं विमान अडकलं, प्रवासी अकरा तास विमानातच. कंपनीने ‘फक्त दिल्लीची न्यायालयं’ ही अट पुढे केली, ती हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीविरुद्ध, म्हणजे सार्वजनिक सेवांचे वाद ऐकणाऱ्या मंचाविरुद्ध, चालली नाही. त्या लोकअदालतीचा भरपाईचा आदेश मात्र रद्द झाला, कारण धुकं कंपनीच्या हातात नव्हतं. पण तिकीट स्वस्त आहे म्हणून पाणी, खाणं, स्वच्छतागृह या किमान सोयी टाळता येत नाहीत, हेही न्यायालयाने सांगितलं.

घोडबंदर, ऐरोली, नेरूळ ही सगळी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याचा आयोग. खारघर, पनवेल, उलवेकरांनी लक्षात ठेवावं, पत्त्यात नवी मुंबई लिहीत असलात तरी जिल्हा रायगड, आणि आयोग अलिबागला. पण सरकारच्या ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते. तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. तिकीट, बोर्डिंग पास, एसएमएस, टॅक्सी आणि जेवणाची बिलं तारखेच्या क्रमाने जोडा. थर्मल कागदावरची बिलं आधी झेरॉक्स करून घ्या. काही महिन्यांत ती कोरी होतात, आणि आयोगापुढे मी कोरे कागद घेऊन उभा राहिलेलो आहे.