उसावरची खवले कीड आंब्यावरून येते का?

प्रश्न : आमच्या खोडव्याच्या उसाचे पाचट काढले, तेव्हा पेरांवर राखाडी-काळा, खरखरीत थर आढळला. परड्यातल्या आंब्याच्या पानांवरही पांढरे खवले आहेत. कीड आंब्यावरूनच उसात उतरली असे शेजारी सांगतात आणि घरात आंबा तोडण्याचा विचार चालू आहे. शिवाय एका जुन्या पुस्तकात उसाच्या खवले किडीचे नाव ‘ॲस्पिडिओटस ग्लोमेराटस’ असे आहे, तर नव्या पुस्तकात ‘मेलानास्पिस ग्लोमेराटा’ असे. खरे कोणते? – एक वाचक, करवीर तालुका, कोल्हापूर

उत्तर : कृपया आंबा तोडू नका. आपण पाठवलेली उसाची कांडी आणि आंब्याची पाने मी भिंगाखाली पाहिली. दोन्ही किडी चिलखती खवले किडींच्या डायास्पिडिडी या एकाच कुलातील असल्या, तरी त्यांचे वंश निराळे आहेत आणि एकीचे दुसरीच्या झाडावर भागत नाही.

कांडीवरचा तो काळा थर बुरशीचा नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसलेल्या आणि पुढे आपल्याकडेही पसरलेल्या लोकरी माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढत असे. चिलखती खवले किडी मात्र असा गोड स्राव टाकतच नाहीत, कारण त्या अन्नवाहिन्यांतला रस न पिता पेशींमधील द्रव शोषतात. टाचणीच्या टोकाने एक खवला उचलला, तर तो झाकणासारखा अलगद सुटतो आणि खाली पाय-पंख नसलेली पिवळसर मादी दिसते. ते झाकण मेण आणि तिनेच टाकलेली कात यांचे बनलेले असते. ते तिच्या शरीराचा भाग नसते. बाहेरून कितीही पाहिले तरी जातीची खात्री पटत नाही. त्यासाठी मादीचे शरीर रसायनात स्वच्छ करून काचपट्टीवर बसवतात आणि पोटाच्या शेवटच्या, एकजीव झालेल्या खंडांच्या कडेवरील दातेरी भाग व मेण सोडणाऱ्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आपल्याकडे उसाच्या पेरांवर असा थर धरणारी नेहमीची जात मात्र मेलानास्पिस ग्लोमेराटा हीच आहे.

नावाचे म्हणाल, तर दोन्ही पुस्तके एकाच किडीविषयी बोलत आहेत. ई. ई. ग्रीन या कीटकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये या जातीचे वर्णन केले, तेव्हा ती ॲस्पिडिओटस या वंशात गणली गेली. पुढे तिला मेलानास्पिस या वंशात हलवण्यात आले. म्हणूनच शास्त्रीय नावापुढे ‘(ग्रीन, १९०३)’ असे कंसात लिहितात : वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात असणे म्हणजे जातीचा मूळ वंश बदलला असल्याची खूण. ‘ग्लोमेराटस’चे ‘ग्लोमेराटा’ झाले ते लॅटिन व्याकरणामुळे. आपण काळा बैल पण काळी म्हैस म्हणतो, तसे तेथेही विशेषण वंशाच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलते.

आता यजमान वनस्पती. उसाची ही कीड गवताच्या कुलातच राहते. उसाखेरीज ती कांस गवतासारख्या उसाच्या रानटी भाऊबंदांवर आढळते. आंब्याच्या पानावर दाटीने बसलेले, तीन बारीक कण्यांचे लांबट पांढरे खवले हे ऑलाकास्पिस ट्युबरक्युलॅरिस या जातीच्या नरांचे आहेत. माद्यांचे खवले गोल व चपटे असतात. ही जात मुख्यतः आंब्यावर आणि दालचिनीच्या कुलातील झाडांवर वाढते. डायास्पिडिडी कुलातल्या सगळ्याच किडी इतक्या चोखंदळ नसतात. सफरचंदाच्या बागांना छळणारी सॅन होजे खवले कीड शेकडो प्रकारच्या झाडांवर जगते, त्यामुळे नाव नक्की केल्याशिवाय कुठल्याही झाडावर कुऱ्हाड चालवू नये, असे मला मनापासून वाटते.

मग ती आपल्या उसात आली कोठून? पिलांना पाय असतात ते जन्मानंतर थोडा काळच. तेवढ्यात ती कोवळ्या पेरावर, पाचटाच्या आत जागा धरतात. वाऱ्याने काही उडून जातात हे खरे, पण नव्या रानात कीड पोहोचते ती प्रामुख्याने बेण्यावरून. या उसाचे बेणे वापरू नका, दुसऱ्यालाही देऊ नका आणि निडवा, म्हणजे खोडवा तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, राखू नका. नवी लावण कराल तेव्हा बेणे स्वच्छ फडातून आणा, टिपऱ्या तोडताना प्रत्येक पेर पाहा आणि पेरे धरू लागल्यावर खालचे वाळलेले पाचट वेळोवेळी काढत राहा. झाकणाखालच्या मादीपर्यंत वरून मारलेले औषध नीट पोहोचत नाही. उलट खवले खाणारा, चकचकीत काळा कायलोकोरस निग्रिटस हा ढालकिडा मात्र त्याने मरतो. पाचट काढताना तो पेरावर फिरताना दिसला, तर त्याला तिथेच राहू द्या.