लहान शाळेचा निकाल कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या मुलीच्या प्रयोगशील शाळेत दहावीला नऊच मुले असतात. गेल्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, यंदा ७७.७८. शाळेचा दर्जा घसरला असे समजावे का? (एक पालक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : नऊ जणांच्या वर्गात एक मूल म्हणजे ११.११ टक्के. यंदा दोन मुले अनुत्तीर्ण झाली, एवढाच या आकड्याचा अर्थ; दोनशे मुलांच्या शाळेत तीच दोन मुले एका टक्क्यात बसली असती. म्हणून एका वर्षाचा निकाल कोल्हापूर विभागाच्या निकालाशेजारी न ठेवता पाच वर्षांची मुले एकत्र धरा. ती दोघे कोणत्या विषयात आणि कोणत्या इयत्तेपासून अडत होती, पुरवणी परीक्षेची तयारी कोण करून घेत आहे, हेही शाळेत जाऊन विचारा.

प्रश्न : आमच्या शाळेला मान्यता नाही. मुलाला दहावीला बसता येईल का? (साताऱ्याहून एक आई)

उत्तर : येईल. खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा अर्ज मुदतीत भरावा. मात्र मंडळ खासगी विद्यार्थ्यांचा निकाल नियमित विद्यार्थ्यांपासून वेगळा मोजते, हे तुलना करताना ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आमच्या पंचवीस मुलांच्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबांतील सहा-सात मुले येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम संपला, की जातात. त्यांच्यामुळे वर्गाची सरासरी खाली येते, असे संस्थेतील काहींचे म्हणणे आहे. (एक शिक्षिका, वाळवा तालुका)

उत्तर : बाई, सरासरी खाली येते ती वर्गात बसणारी मुले बदलल्यामुळे, आधीच्या मुलांचे शिकणे त्यामुळे कमी झालेले नसते. या मुलांची नोंद वेगळी ठेवा : आल्या दिवशी काय येत होते, जाताना काय येते आणि मधले हजेरीचे दिवस किती. अशाच एका शाळेत मी एका मुलीला हातच्याची वजाबाकी दिली, तेव्हा ती पाटीकडे नुसती पाहत राहिली. पण आई वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकते तेव्हा पन्नासच्या नोटेतून अठरा रुपये वळते करून किती परत द्यायचे, हे तिने तोंडी क्षणात सांगितले. तिच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेला शून्य मिळाले असते आणि शाळेच्या कागदावर ती गणितात कच्ची ठरली असती, याचे मला आजही वाईट वाटते.

दाखला हाती नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यातच आहे. आणि संस्थेच्या सदस्यांना एवढे जरूर सांगा की, १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे म्हणून. निवडक मुले घेऊन निकाल उंचावणे त्यांनाही सोपे होते.

टोळी गावाकडे निघण्याआधी प्रत्येक मुलाच्या प्रगतीचे एक पानी टिपण त्याच्या आईच्या हाती द्या, म्हणजे पुढच्या शाळेतील गुरुजींना पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.