स्पितीतला रानकांदा आणि माळावरचा कोळकांदा

तुमचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. एक हिमाचलातल्या स्पितीच्या ट्रेकमधला गुलाबी गोंडा, दुसरा मे महिन्यातला, परभणीजवळच्या पडीक माळावरचा. ‘दोन्हींना जमिनीत कांदा आहे, मग दोन्ही खाता येतील का?’ असं तुम्ही विचारलंय. आधी ठामपणे सांगतो, माळावरचा अजिबात तोंडात घालू नका.

स्पितीतला खऱ्या कांद्याचा भाऊबंद; दोघांची प्रजाती (genus) एकच, ॲलियम. जालन्याकडं कांदा बियाण्याचे प्लॉट पाहिले असतील. डेंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या टोकाला गोंडा येतो, त्यात सगळ्या फुलांचे देठ एकाच जागेतून फुटतात. इथंही तेच आहे. गोंड्याच्या बुडाशी वाळका पापुद्रा लोंबतोय; कळ्या त्यातच गुंडाळलेल्या असतात.

आता या स्पितीतल्या झाडाची नेमकी जात. पात आपल्या कांद्यासारखी पोकळ नाही. चपटी, जाडसर, निळसर राखाडी आणि विळ्यासारखी वाकलेली आहे. दांडा गोल. सगळ्यात बोलकी खूण पुंकेसरांची: पाकळ्यांच्या दीडपट-दुप्पट लांब, म्हणून गोंडा केसाळ दिसतो. एवढ्यावरून मी ॲलियम कॅरोलिनियानम म्हणेन. लडाख-स्पितीच्या कोरड्या, दगडी उतारांवर ३००० मीटरच्या वर तो सापडतो. ॲलियम वॉलिचाय ही दुसरी जात असती तर दांडा तिधारी, गोंडा विरळ आणि पुंकेसर पाकळ्यांहून आखूड दिसले असते. ॲलियम प्रझेवाल्स्कियानम या तिसऱ्या जातीचेही पुंकेसर बाहेर येतात, पण त्याची पात बारीक असते आणि कांद्यावर लालसर जाळीदार साल असते. ही साल बघायला झाड उपटू नका. बोटानं माती बाजूला सारून बघा आणि पुन्हा झाका.

तुमच्या माळावरचा मात्र कोळकांदा, तो विषारी. पानं नाहीत, नुसता उंच दांडा, त्यावर मळकट फुलं एकेक करून लांब अंतरानं लागलेली. गोंडा नाहीच. पानं पावसाळ्यात येतात, आणि तेव्हाच लोक त्याला खायचा कांदा समजून फसतात. अशा वेळी पानाचं टोक चुरगळून वास घ्या. कोळकांद्याला कांद्याचा वास नसतो. फक्त आधी बोटं धुवा, नाहीतर अगोदरच्या झाडाचा वास बोटांना राहतो.

त्याच्या रसानं अंगाला खाज सुटते. पोटात गेला तर उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. कुणी चुकून खाल्लाच तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा, आणि उरलेला कांदा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.