कामावरून आलेल्या मुलीला काय विचारू नये

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरे येथे राहणाऱ्या एका ताईंचे दीर्घ पत्र आले आहे. त्यांची चोवीस वर्षांची मुलगी लेखाशास्त्राचे शिक्षण अर्ध्यावर सोडून एका खाजगी महाविद्यालयात ‘ॲडिक्शन्स अँड कम्युनिटी सपोर्ट वर्कर’, म्हणजे व्यसनात सापडलेल्यांना आणि निराधारांना आधार देणारी कार्यकर्ती, हा डिप्लोमा करीत आहे, आणि सध्या तिचे प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी होणारे प्रशिक्षण, बेघर होऊन गेलेल्या लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका निवासात सुरू आहे. शुल्क, रात्रपाळी, नोकरीची शाश्वती, लग्न आणि वडिलांची नाराजी असे पुष्कळ प्रश्न ताईंनी विचारले आहेत. त्या सर्वांना शेवटी थोडीथोडी जागा देईन. परंतु पत्राच्या मध्यावर, जाता जाता लिहिलेल्या काही ओळींपाशी मी थांबले, कारण या व्यवसायात शिरणाऱ्या मुलामुलींच्या घरांतून मला हीच तक्रार वारंवार ऐकू येते.

ताई लिहितात: “ती घरी येते, हातपाय धुते, जेवते आणि खोलीत जाते. आज काय झाले असे विचारले की ‘काही नाही, आई’ एवढेच उत्तर. शाळेतले सगळे घडाघडा सांगणारी ही मुलगी. आता तिला आम्ही परके वाटू लागलो का?”

नाही, ताई, तुम्ही परक्या झालेल्या नाहीत. तुमच्या मुलीने प्रॅक्टिकमच्या पहिल्या दिवसाआधी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे आणि ती तो पाळते आहे. कोण तेथे राहते, कोण काय घेते, कोणाला भेटायला कोण येते, कोणाचे कोणत्या डॉक्टरांकडे काय चालले आहे, यांतील काहीही तिने घरी आणायचे नाही, नाव गाळूनही आणायचे नाही. कारण आपल्या वस्तीत ‘एक पन्नाशीचे गृहस्थ, पूर्वी अमुक कंपनीत ट्रक चालवायचे’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला नाव कळते. केस नोट्स, म्हणजे रहिवाशांविषयीच्या नोंदी, लिहिताना दिसले तेवढे आणि ऐकले तेवढे लिहावे, स्वतःचा तर्क लिहू नये, आणि त्या नोट्स जेथल्या तेथेच राहाव्यात, हे तिला शिकवलेले असते. इतकेच नव्हे, तर तिच्या ओळखीचा रहिवासी दुकानात समोर आला आणि त्याने स्वतःहून हाक मारली नाही, तर तिनेही ओळख दाखवायची नाही, असा या क्षेत्रातला शिरस्ता आहे. तेव्हा बसच्या थांब्यावर कोणी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि तिनेही हलवली, तर “कोण ग तो?” हा प्रश्न तुमच्या तोंडून निघता कामा नये.

आता थोडे रागावते, आणि ते तुम्ही मोठ्या बहिणीचे म्हणून ऐकून घ्याल अशी आशा आहे. त्याच पत्रात, दोन परिच्छेद आधी, तुम्ही लिहिले आहे की “सुरुवातीला मात्र ती थोडेफार सांगायची”, आणि त्यापुढे तुमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलाविषयी तिने काय पाहिले हे तुम्ही मला सविस्तर कळवले आहे. तो मजकूर मी येथे छापलेला नाही आणि माझ्याकडचा भाग नष्ट केला आहे. पण विचार करा: मुलीने आईला सांगितले, आईने मला लिहिले, आणि मधल्या काळात आई आणखी कोणाशी बोलली असेल हे मला ठाऊक नाही. गोष्ट षट्कर्णी व्हायला याहून अधिक काही लागत नाही. माझा अंदाज असा आहे की मुलीच्याही ते लक्षात आले आणि म्हणूनच ती गप्प झाली. कदाचित तिच्या सुपरवायझरने तिला बजावले असेल. प्रॅक्टिकममध्ये गोपनीयतेचा भंग झाला तर विद्यार्थ्याला ती जागा सोडावी लागू शकते आणि मग डिप्लोमाच अडतो.

यात शिष्टाचारापेक्षा फार मोठे काही आहे. ब्रिटिश कोलंबियाने १४ एप्रिल २०१६ रोजी ओव्हरडोसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या, मृत्यूंमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तेव्हापासून मृत्यू पावलेल्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने आहेत, आणि बहुतेक मृत्यू रस्त्यावर झालेले नसून चार भिंतींच्या आत झालेले आहेत. फेंटानिल या अफूच्या जातीच्या, अतितीव्र पदार्थाने श्वास मंदावतो; शेजारी माणूस असेल तर तो ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करील, नॅलोक्सोन हे त्यावरचे उतारा-औषध देईल, तोंडाने श्वास देईल; पण दार लावून एकट्याने घेणाऱ्याच्या मदतीला कोणी नसते. दार का लावले जाते? पुष्कळदा केवळ घरच्यांना आणि ओळखीच्यांना कळू नये म्हणून. पोलिसांच्या भीतीने लोक फोन करीत नाहीत हे ओळखून कॅनडाने २०१७ मध्ये गुड समॅरिटन कायदा केला, ज्यामुळे ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्यावर आणि तेथे उपस्थित असलेल्यांवर केवळ अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप ठेवला जात नाही. मराठी मंडळातल्या बायकापुरुषांच्या भीतीवर मात्र कोणताही कायदा नाही. ती भीती कमी करणारे माणूस म्हणजे तुमची मुलगी, आणि तेही ती गप्प राहू शकते तोवरच. आपल्यापैकी एखादा मुलगा जर तिच्या निवासाच्या दारापर्यंत आला आणि आत मराठी चेहरा पाहून मागे फिरला, तर त्याचे कारण त्याला मराठी घरांची सवय माहीत आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

आपण लोक आपल्या घरातले झाकतो आणि दुसऱ्याच्या घरातले उघडतो. आमच्या मामांच्या दारूविषयी घरात कोणी बोलत नसे आणि घराबाहेर सगळे बोलत. मामी त्यांच्या गैरहजेरीची कारणे कार्यालयाला कळवायच्या, सणाला पाहुण्यांना “त्यांना बरे नाही” असे सांगायच्या, आणि त्या बाहेर पडल्या की तेच पाहुणे खरे काय ते एकमेकांना सांगायचे. मामांनी कधीही कोणाकडे मदत मागितली नाही. मदत मागायला जाणे म्हणजे आपणच जाहीर करणे, असे त्यांना वाटत असावे. १९३५ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची सुरुवात झाली, तेव्हापासून त्या मंडळींनी अनामिकतेचा जो आग्रह धरला आहे, तो मला मामांची आठवण झाली की पुरता पटतो.

दुसरा दाखला माझ्या दिरांचा. ते व्हँकुव्हरमधील एका शेल्टरमध्ये रात्रपाळी करीत असत. आमच्या सासूबाई पहाटे उठून त्यांच्यासाठी चहा ठेवायच्या आणि “आज कोण कोण आले होते रे?” असे रोज विचारायच्या, त्यात उठाठेवीपेक्षा मायाच जास्त होती. दीर पावसाविषयी बोलायचे. सासूबाईंना ते लागले, रुसवेफुगवे झाले, मी मध्ये पडले. पुढे एका कार्यक्रमात कोणीतरी त्यांना गाठून “तुमच्या धाकट्याकडे अमक्यांचा मुलगा असतो म्हणे” असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला काही माहीत नाही.” त्यांना खरोखरच माहीत नव्हते, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावरही काही दिसले नाही. मुलाने आईला खोटे बोलण्याच्या प्रसंगातून वाचवले होते. ताई, तुमच्या मुलीचे “काही नाही, आई” हे तुमच्याही रक्षणासाठी आहे.

गोपनीयतेला अपवाद आहेत आणि ते तिला शिकवलेले आहेत. कोणी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव घेण्याच्या बेतात असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा एखाद्या मुलाला इजा होत असल्याची सकारण शंका असेल, तर गप्प बसता येत नाही. शेवटच्या बाबतीत तर या प्रांताचा कायदा तुम्हाआम्हालाही कळवण्याचे बंधन घालतो. मात्र अशा वेळीही ती प्रथम सुपरवायझरशी आणि संबंधित यंत्रणेशी बोलते. घरच्या मंडळींचा क्रम त्यात कोठेही येत नाही.

तथापि सगळेच मौन निरोगी नसते, आणि आईने घाबरावे ते कशाला, हेही सांगते. नव्या माणसाने पहिला ओव्हरडोस पाहिला, ओठ निळे पडलेला माणूस डोळ्यांसमोर पाहिला, किंवा काल ज्याच्याशी बोललो तो आज नाही असे ऐकले, तर त्याचा परिणाम अंगावर राहतो. झोप उडणे, बारीकसारीक गोष्टींवर चिडणे, किंवा उलट कशाचेच काही न वाटणे, सुटीच्या दिवशीही फोन तपासत राहणे, पाळी संपल्यावर ‘त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही’ म्हणून थांबून राहणे, आवडीची गाणी आणि मैत्रिणी सुटणे, ही लक्षणे दिसली तर ती गोपनीयता नव्हे, तो थकवा आहे. त्यावरचा उपायही त्याच क्षेत्रात आहे. कठीण प्रसंगानंतर सहकाऱ्यांनी एकत्र बसून बोलणे, ज्याला तेथे डीब्रीफिंग म्हणतात, ते झाले पाहिजे. सुपरवायझरशी ठरलेली भेट झाली पाहिजे. महाविद्यालयातर्फे प्रॅक्टिकम पाहणाऱ्या शिक्षकांना कळवता आले पाहिजे. तेथे ती नावानिशी, निर्धास्तपणे बोलू शकते.

म्हणून तुमचे प्रश्न बदला. “आज काय झाले?” याऐवजी “आज सुपरवायझरशी बोलायला वेळ मिळाला का?” असे विचारा. दुपारी जेवलीस का, झोप लागली का, उद्या पाळी किती वाजता, फिरायला येतेस का, हे सर्व विचारा. “तुला कसे वाटते आहे?” याला ती उत्तर देऊ शकते, कारण ते तिचे स्वतःचे आहे, “त्याला काय झाले?” याला देऊ शकत नाही, कारण ते त्याचे आहे. तिने स्वतःच्या भीतीविषयी किंवा रडण्याविषयी सांगितले, तर लगेच “मग सोडून दे” असे म्हणू नका. ऐका. तिला वर्गात ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ नावाची पद्धत शिकवली जात असेल, जी विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केली. तिचे सार असे की समोरच्याला उपदेश करून वळवू नये, त्याच्याच तोंडून त्याची कारणे येऊ द्यावीत. मराठी आईवडिलांना ही पद्धत अंगी बाणवणे किती जड जाते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे, आणि सल्ल्याचे सदर लिहिणाऱ्या बाईने ते सांगावे याची गंमत मलाही कळते.

राहिलेले प्रश्न. तिचे बाबा म्हणतात, “सरकार नशा करायला जागा देते आणि ही तेथे मदत करणार.” त्यांना सांगा की व्हँकुव्हरचे इनसाइट हे, देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याचे केंद्र २००३ पासून आहे, आणि ते बंद पाडण्याच्या प्रयत्नाविरुद्ध २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, मतभेद त्यांनी जरूर ठेवावेत, पण मुलीचा हेतू वाईट ठरवू नये. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभे केले याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तेच काम आपल्या मुलीने करायचे म्हटले की आपले तोंड उतरते, हे बरे नव्हे.

शुल्काविषयी: संस्था प्रांताच्या खाजगी प्रशिक्षण नियामक विभागाकडे नोंदलेली आणि मान्यताप्राप्त आहे ना, हे तिने पाहिले असेलच, नसेल तर आजच पाहावे, आणि शुल्क परतीचा नियम कागदावर मागावा. तुमचा भाचा भारतातून येऊन हाच खाजगी डिप्लोमा करू इच्छितो असे लिहिले आहे. अशा खाजगी करिअर महाविद्यालयांच्या शिक्षणावर पदवीनंतरचा कामाचा परवाना सहसा मिळत नाही, तेव्हा त्याने पैसे भरण्याआधी नियम स्वतः वाचावेत, एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

नोकरी बहुधा प्रथम ‘कॅज्युअल’ मिळते, म्हणजे बोलावतील तेव्हा जायचे. कायम जागा नंतर. या डिप्लोमाने ती ‘सोशल वर्कर’ होत नाही, ते बिरुद या प्रांतात नोंदणीकृतांसाठी राखीव आहे आणि त्याला पदवी लागते. पुढे तिला वाटले तर तो मार्ग खुला आहे. रात्रपाळीत किती कर्मचारी असतात हे तिने मुलाखतीत विचारावे, आणि एकच असेल तर ती जागा नाकारावी. लग्नाबद्दल विचारणाऱ्या स्थळाला तिचा व्यवसाय स्पष्ट शब्दांत सांगा. त्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यांच्याकडे मुलगी न गेलेलीच बरी.

आणि घरात नॅलोक्सोनचे किट ठेवावे का, असे तुम्ही भीतभीत विचारले आहे. ठेवावे. या प्रांतात २०१२ पासून ते मोफत देण्याचा कार्यक्रम आहे आणि अनेक औषधांच्या दुकानांत ते मिळते. वापरायचे कसे ते मुलीकडून शिकून घ्या, तिच्या बाबांनाही सोबत बसवा: प्रथम ९११, मग श्वास, मग औषध. त्याचा परिणाम २० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका परत पाठवायची नाही. आणि पदार्थात बेन्झोडायझेपिनची, म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधांची, भेसळ असेल तर माणूस औषधानंतरही जागा होणार नाही, अशा वेळी मदत येईपर्यंत श्वास देत राहायचे.