पाकीट बरोबर, माप चुकीचं

प्रश्न : मी पाड्यावर आशा आहे. जुलाब लागलेल्या दीड वर्षाच्या बाळाला ओआरएस दिलं, तरी आई म्हणते गुण नाही. झिंकही तिने तीन दिवसांत बंद केलं. काय करू?

उत्तर : ताई, आधी पाणी कशाने मोजलं ते बघा. मोठ्या पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी लागतं, आणि प्रत्येक घरचा तांब्या वेगळा! पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. लिटरची बाटली भरून त्यांच्याच पातेल्यात ओता, पाणी येईल तिथे खूण करा. अर्धं पाकीट उद्यासाठी ठेवणं नको. द्रावण 24 तासांनी फेकायचं.

दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, सावकाश. ओआरएस जुलाब थांबवत नाही, अंगातलं पाणी भरून काढतं. हे आईला आधीच सांगितलं नाही की 'गुण नाही' ठरलेलंच.

झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, जुलाब थांबले तरी 14 दिवस. अंगावरचं दूध, जेवण चालूच. बाळ सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट आरोग्य केंद्र. वाटेतही ओआरएस पाजत राहा.