गोडाऊनला आलेला माल उतरवून घेताना काय काळजी घ्यावी?

नवी वितरकी, भाड्याचा गाळा, दर दुसऱ्या गाडीत चार-दोन पेट्या कमी नाहीतर फुटलेल्या, आणि ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो, असं तुम्ही विचारलंय. मी भिवंडीत बरीच वर्षं आवक सांभाळली. तुमचा पैसा माल उतरवताना जात नाहीये, सही करताना जातोय.

माझंच सांगतो. भर पावसात संध्याकाळी सातला साबणाची गाडी लागली. ड्रायव्हर घाईत, माथाडी कामगार निघायच्या बेतात. मागच्या पेट्या कोरड्या होत्या, म्हणून मी बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या माल-पावतीवर, ‘माल मिळाला’ लिहून शिक्का मारला. ताडपत्री फाटली होती केबिनच्या बाजूला. तिथल्या पेट्या शेवटी, अंधारात उतरल्या. सकाळी हात लावला तर पुठ्ठ्याचा लगदा. ट्रान्सपोर्टवाल्याने माझीच सही दाखवली: तुमच्याच गोडाऊनमध्ये भिजला असेल! विमावाल्यानेही पहिला प्रश्न तोच केला, बिल्टीवर शेरा कुठे आहे?

तेव्हापासून गाडीच्या दाराचं सील तोडायच्या आधी त्याचा नंबर बिल्टीशी ताडायचो आणि गाडीच्या नंबरप्लेटसकट फोटो काढायचो. मोजणाऱ्याच्या हातात चलन, म्हणजे मालाची यादी, कधीच देऊ नका. आकडा आधी दिसला की माणूस तोच आकडा मोजतो, त्यात लबाडी असतेच असं नाही.

शेरा आकड्यात लिहा: ‘४ पेट्या कमी, ७ ओल्या’. खाली ड्रायव्हरची सही, आणि बिल्टीच्या प्रत्येक प्रतीवर. ‘तपासणीच्या अधीन’ असा रबरी शिक्का पुष्कळजण मारतात. माझा त्यावर भरवसा नाही. ड्रायव्हर सही देत नसेल तर गाडी दारात असतानाच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोटो पाठवा.

पुढे ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्याच. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, माल मिळाल्यापासून नव्हे. नाहीतर दावाच लावता येत नाही. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर त्याच्या मालाबद्दलची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याला लेखी कळवा. त्यानंतर माल स्वीकारला असंच धरतात आणि पैसे देण्याची मुदत माल मिळाल्या दिवसापासून मोजली जाते. न मागवलेल्या मालाचं ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, तुमच्या नावावर निघालं असेल तर ई-वे बिलाच्या पोर्टलवर ७२ तासांच्या आत नाकारा. गप्प बसलात तर तेही मान्य धरलं जातं.

आणि गाडी धक्क्याला लागली की ड्रायव्हरची किल्ली मागून घ्या, चाकांना ठोकळे लावा. उतरवणं संपलं समजून ड्रायव्हर गाडी पुढे घेतो आणि आत कामगार असतो. हे मी दोनदा थोडक्यात टळलेलं पाहिलंय. कागद पुरे झाल्याशिवाय किल्ली परत द्यायची नाही, म्हणजे शेऱ्यावर सहीही पटकन मिळते.